‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे!’

‘मावशी, बिअर म्हणजे काही दारू नव्हे!’

गेल्या चार-पाच वर्षांत हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं, त्याची गणती नाही. पुण्या-बंगळुरूला नोकरीला असलेले भाचे-पुतणे दिवाळीला घरी आले की ऐकते. लग्नघरी मांडवामागे उभ्या असलेल्या पोरांच्या घोळक्यातून ऐकते. आणि आता तर मोबाइलवरही दिसतं. चांगली शिकलेली मुलं-मुली समोर चार-पाच छोटे ग्लास मांडून बसतात, एकेकाचा वास घेतात, घोट जिभेवर फिरवतात आणि सांगतात की याला केळ्याचा वास आहे, त्याला कॉफीचा, आणि हिला संत्र्याच्या सालीचा! याला म्हणे क्राफ्ट बिअर म्हणायचं. मोठ्या कारखान्यातली नव्हे, छोट्या भट्टीत हौसेनं, कसबानं केलेली. प्यायची नाही, चाखायची.

मैत्रिणींनो, मी राहते वर्धा जिल्ह्यात. ज्या जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला येऊन राहिले आणि त्यांचा मान म्हणून १९७५ पासून जिथे दारूबंदी आहे, त्या जिल्ह्यात. इथल्या बाईनं बिअरच्या चवीवर लिहावं म्हणजे एकादशीला मटणाचा मसाला सांगण्यासारखं झालं! पण विषय घरात येऊन बसलाच आहे, तर त्याच्याकडे पाठ फिरवून काय उपयोग? शिव्या घालण्याआधी तो नीट समजून घेऊ या.

बिअर म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. आपण नाचणीसत्त्व कसं करतो? नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजून दळायची. बिअरची सुरुवात अगदी अशीच असते, फक्त नाचणीच्या जागी जव. मोड आलेले जव भट्टीत वाळवतात. हलके भाजले तर बिअर सोनेरी होते, करपेपर्यंत भाजले तर काळी, आणि तिला कॉफीसारखी चव येते. मग हे जव भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यांच्यातला गोडवा पाण्यात उतरतो. त्या पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं उकळतात. कडवटपणा येतो तो त्यांचा. शेवटी पाणी गार करून त्यात यीस्ट घालायचं, म्हणजे एका परीनं विरजणच लावायचं. हे यीस्ट गोडवा खातं आणि त्याची दारू आणि फेस करतं. गव्हाच्या एका जर्मन पद्धतीच्या बिअरला केळ्याचा वास येतो, तो केळं घालून नव्हे, तर त्या यीस्टच्या जातीमुळे. आणि बेल्जियम-हॉलंडकडच्या गव्हाच्या पांढरट बिअरमध्ये काय घालतात? धने आणि संत्र्याची साल! कुरासाव नावाच्या बेटावरची कडवट संत्री, आणि ते बेट डचांच्या ताब्यातलं. आमच्या आर्वी-कारंजाकडची संत्र्याची सालं मात्र उकिरड्यावर जातात.

हे सगळं आपल्या स्वयंपाकघराला परकं नाही. आंबील, अनारशाचं पीठ, इडलीचं पीठ... आंबवणं ही बायकांचीच विद्या. युरोपातही मध्ययुगात बिअर घरोघरी बायकाच करीत. पुढे धंदा मोठा झाला, भांडवल आलं, परवाने आणि संघ आले आणि बायका हळूहळू बाजूला पडल्या. जिथे पैसा दिसतो तिथून बाई बाहेर! हे काही आपल्याकडचंच नाही.

आपल्या महाराष्ट्रात ही छोट्या भट्टीची बिअर आली ती २००९ साली, पुण्यात. ‘डूलाली’ नावानं तिथे सुरू झालेली भट्टी देशातल्या पहिल्या काही भट्ट्यांपैकी मानली जाते. मग मुंबई, बंगळुरू असं लोण पसरलं. पुण्यात तर मधापासून केलेल्या मद्याचीही भट्टी निघाली. पण मूळ हौस युरोपातली, आणि ती मी तिथे जाऊन पाहिली आहे.

माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीनिमित्त हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टलव्हेन गावी राहते. तिच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. एका संध्याकाळी जावईबापू म्हणाले, ‘ताई, चला, तुम्हाला पवनचक्की दाखवतो.’ पवनचक्की खरंच होती, लाकडी, उंच, जुन्या काळची. पण तिला लागूनच एक बिअरची भट्टी होती. नगरपालिकेच्या जुन्या न्हाणीघरात १९८५ साली एका संगीतकारानं सुरू केलेली! ‘ब्राउवरै ट आय’ असं काहीतरी तिचं नाव उच्चारतात. आत एक चाखायची खोली. बाहेर सायकलींची ही रांग. लोक म्हातारे, तरुण, बायका, पुरुष, सगळे मिसळून. फळ्यावर प्रत्येक बिअरचं नाव आणि पुढे तिच्यात दारू किती टक्के ते लिहिलेलं. एकीचं नाव ‘नाट्टं’, म्हणजे ओली, साडेसहा टक्के. दुसरी ‘झाट्टं’, म्हणजे झिंगलेली, आठ टक्के. नावातच सावध केलेलं!

मी चाखली का? हो, बहिणीच्या ग्लासातला एक घोट घेतला. लपवायचं काय त्यात? धन्यांचा वास आला, मग थोडं आंबट आणि शेवटी किराईतासारखं कडू. मला आवडली नाही, पण आवडणाऱ्याला का आवडत असेल ते कळलं. त्याहून मला आवडलं ते दुसरंच. शेजारच्या टेबलावर आजीबाईच्या वयाच्या दोघी एकेक ग्लास घेऊन तासभर गप्पा मारत बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे वळून बघायला कुणाला फुरसत नव्हती. रात्रीचे आठ वाजले तसे दिवे मालवले आणि सगळे मुकाट घरी गेले. बहिणीनं मग दुसऱ्या एका भट्टीविषयी सांगितलं. ‘द प्राल’ नावाची ही भट्टी २००२ साली निघाली, ती मनाच्या आजारातून गेलेल्या आणि म्हणून कुणी कामावर न घेणाऱ्या माणसांना काम देण्यासाठी. सामाजिक काम करणारी बाई मी, मला हे ऐकून बिअरपेक्षा जास्त बरं वाटलं.

पण म्हणून तो देश म्हणजे स्वर्ग, असं नाही बरं का! तिथेच डेल्फ्ट शहरातल्या रुग्णालयात, दारूनं बेशुद्ध पडून येणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुलांसाठी वेगळा विभाग काढावा लागला. पूर्वी सोळा वर्षांच्या मुलाला तिथे बिअर मिळायची. १ जानेवारी २०१४ पासून ते वय अठरा करावं लागलं. म्हणजे जिथे चाखण्याची एवढी मोठी परंपरा, त्यांनासुद्धा कायद्याचा लगाम लागतोच.

आता त्या ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ कडे येऊ. इथे भावनेचं काम नाही, साधं गणित करू या. आठ टक्क्यांच्या बिअरचा ३३० मिलिलिटरचा एक ग्लास घेतला, तर त्यात शुद्ध दारू किती? साधारण २६ मिलिलिटर. आणि व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग, ज्यात ४२.८ टक्के दारू असते, त्यात किती? जवळजवळ तेवढीच! म्हणजे ज्याला पोरं ‘नुसती बिअर’ म्हणतात, ती झाट्टंसारखी कडक असेल तर एक ग्लास म्हणजे एक मोठा पेग. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून मिळते ती ६५० मिलिलिटरची बाटली आठ टक्क्यांची असेल, तर एका बाटलीत असे दोन पेग. पोटात गेल्यावर यकृत विचारत नाही की ही जवाची का मोहाची, पुण्याची का ॲमस्टरडॅमची.

आणखी एक, जे खास आपण बायकांनी लक्षात ठेवायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ सालीच दारूला कर्करोगाच्या ठाम कारणांच्या यादीत टाकलं आहे. त्यात स्तनांचा कर्करोगही येतो. आणि २०२३ च्या जानेवारीत याच संघटनेनं स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला अपाय होणार नाही असं दारूचं कुठलंच सुरक्षित प्रमाण नाही. बिअर, वाइन, सगळं त्यात आलं. त्यामुळे ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली असते’ असं कुणी सांगायला लागलं, तर हसून सोडून द्या.

२०२२ च्या जानेवारीत आपल्या राज्य सरकारनं किराणाच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, आठवतं ना? तेव्हाही हेच ऐकलं, वाइन म्हणजे दारू नव्हे. गावोगावच्या बायका, व्यसनमुक्तीवाले उभे राहिले आणि तो निर्णय अमलात आला नाही. २०२५ च्या जूनमध्ये दारूवरचा कर वाढवला, तेव्हाही बिअर आणि वाइनला हात लावला नाही. तिजोरीला दारूचे हजारो कोटी हवे असतात, आणि बिअर-वाइन हे त्या घराचं सभ्य दार. तिथून आत यायला कुणाला लाज वाटत नाही.

आता माझ्या जिल्ह्यातलं ‘चाखणं’ सांगते.

आमच्याकडे परवान्याचं एकही दुकान नाही. पण दारू नाही असं म्हणणाऱ्याला आमच्याकडचं शेंबडं पोरही हसेल. नागपूर, यवतमाळ, अमरावती जिल्ह्यांच्या सीमा लागून आहेत. पुलगावचा पूल ओलांडला की वर्धा नदीपलीकडे दारूबंदी संपते. बाटल्या दुचाकीच्या डिकीतून, भाजीच्या पोत्यातून येतात. आणि नाल्याच्या काठानं, झुडपात हातभट्ट्या लागतात. मोहाची फुलं आणि गूळ ड्रममध्ये सडवत ठेवतात, कुणी नवसागरही घालतात. त्याला सडवा म्हणतात. पोलीस ‘वॉश आउट’ मोहीम काढतात, सडवा नालीत ओततात, पेपरात फोटो येतो. आठ दिवसांनी ड्रम पुन्हा जागेवर!

त्या हॉलंडच्या फळ्यावर टक्के लिहिलेले होते. आमच्या सडव्याच्या ड्रमवर कोण लिहिणार? २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, २०२२ साली दारूबंदी असलेल्या गुजरातेत बोटादकडे चाळीसच्या वर गेली. पिणाऱ्याला ग्लासात काय आहे ते ठाऊकच नव्हतं. चव ही फार पुढची गोष्ट झाली.

मागे देवळी तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीत मी या चाखण्याच्या पद्धतीविषयी सांगत होते. एक बाई हसली आणि म्हणाली, ‘तो कायले चाखते वो ताई? गिलास तोंडाले लावला का रिकामाच करते.’ दुसरी कोपऱ्यातून बोलली, ‘माह्या मंगळसूत्राचे मणी त्यानं कवाचेच चाखले.’ सगळ्या हसल्या. मग कुणी काही बोललं नाही.

चाखणं ही संस्कृती आहे, असं म्हणणाऱ्यांना मला याच बायकांच्या वतीनं विचारायचं आहे. संस्कृती कशाच्या आधारावर उभी राहते? ग्लासात काय आहे ते माहीत असणं. थांबायचं केव्हा ते ठरलेलं असणं. खिशातला पैसा मुलांच्या फीचा, औषधाचा नसणं. आणि घरातल्या बाईला ‘आता पुरे’ म्हणता येणं, आणि तिचं ऐकलं जाणं. त्या पवनचक्कीखालच्या खोलीत हे चारही पाय मला दिसले, म्हणून ती खाट उभी होती. आमच्याकडे यातला एकही पाय धड नाही. अशा खाटेवर नुसती छोट्या ग्लासांची चादर अंथरून काय होणार?

काही शहाणे लोक म्हणतात, बंदी उठवा, चांगली बिअर मिळू द्या, हातभट्टी आपोआप बंद होईल. ऐकायला गोड आहे. पण पुण्यात त्या क्राफ्ट बिअरच्या एका ग्लासाला तीन-चारशे रुपये पडतात. आमच्याकडे निंदणाला जाणाऱ्या बाईची अख्ख्या दिवसाची मजुरी त्या एका ग्लासात जाईल. तिचा नवरा सडवा सोडून तिकडे कसा वळेल? शेजारच्या चंद्रपूरमध्ये बायका पायी मोर्चे काढून २०१५ साली दारूबंदी मिळवतात आणि २०२१ साली ती उठते. कारण काय दिलं, तर बंदी राबवता येत नाही, चोरटी दारू वाढली. म्हणजे चोर पकडता येत नाहीत, म्हणून कुलूपच काढून टाका! त्याच्याच शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, आणि तिथे नुसत्या कायद्यावर न थांबता २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ नावानं गावोगाव संघटना, समजावणं, उपचार असं काम चाललं. मला तो मार्ग पटतो.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्याकडेही पाहायला हवं. आपण दारूबंदीवाल्या बायका पुष्कळदा भट्टी फोडून घरी येतो आणि काम संपलं असं समजतो. ती भट्टी लावणारीही बऱ्याचदा बाईच असते, एखादी विधवा, एखादी टाकलेली. तिच्या चुलीवर दुसरं काय चढेल याचा विचार आपण केला का? मोहफुलाचे लाडू, लोणचं, सरबत करणारे गट निघाले आहेत. त्यांना बाजार मिळवून देणं हेही दारूबंदीचंच काम आहे. आणि पिणारा? तो ‘बेवडा’ म्हणून ओवाळून टाकायचा माणूस नाही, आजारी माणूस आहे. दिवसाला दोन-तीन वेळा प्यायची सवय लागलेल्यानं एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, झटकेही येऊ शकतात. त्याला डांबून ठेवून, गंडेदोरे बांधून नाही, डॉक्टरकडे नेऊनच सोडवावी लागते.

हक्कही आपल्या हातात आहेत, फक्त वापरायला हवेत. ज्यांच्या जिल्ह्यात दुकानं आहेत, त्या मैत्रिणींना ‘आडवी बाटली’ ठाऊक असेलच. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. मतदानाला न येणारी म्हणजे उभ्या बाटलीला मत देणारी, हे लक्षात ठेवा. आणि आमच्यासारख्या कोरड्या म्हणवणाऱ्या जिल्ह्यात, २०१६ च्या कायद्यानं ग्रामरक्षक दल नेमण्याची सोय केली आहे. अवैध दारूची खबर द्यायची आणि कारवाई होते की नाही त्यावर लक्ष ठेवायचं, हे त्याचं काम. आपल्या गावात असं दल आहे का? असेल तर त्यात कोण आहे? भट्टीवाल्याचा मेव्हणाच त्यात बसला नाही ना? पुढच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होईल, तिथे एवढं तरी विचारा.

राहता राहिले आपले भाचे-पुतणे. त्यांच्याशी भांडून, ‘गांधींच्या जिल्ह्यातला तू’ म्हणून टोमणे मारून काही साधत नाही. त्यांची मिळकत त्यांची, शहर त्यांचं, आणि तिथे ते कायद्यानं वागत असतील तर आपण कोण अडवणार? पण त्यांच्याशी बोलायला हवं. ‘आजकाल सगळेच घेतात’ असं ते म्हणाले, तर त्यांना आकडा सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी दारू घेणारे १८.८ टक्के होते आणि बायका १.३ टक्के. म्हणजे पाचांतले चार पुरुष घेत नाहीत. सगळे कुठून झाले? ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ म्हणाले, तर वरचं पेगचं गणित मांडून दाखवा. पोरं हुशार असतात, गणित त्यांना पटतं. आणि विचारा, की बाबा रे, तू पाच चवी घेऊन आलास, गाडी कोण चालवत आणलीस? इकडे येताना डिकीतून काय आणलंस? कारण पुण्यात तो शौक असेल, पण पुलाच्या अलीकडे तो गुन्हा आहे, आणि त्याहूनही म्हणजे तो त्या देवळीकडच्या बाईच्या लढाईला पाठीमागून दिलेला धक्का आहे. तिचा नवरा उद्या म्हणेल, ‘साहेबाचा पोरगा घेते, मीनं घेतली त काय झालं?’ त्याला ती काय उत्तर देणार?

लहान मुलांच्या बाबतीत मात्र आपण ठाम राहायचं. आपल्या राज्यात बिअरला एकवीस वर्षं आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. बारावी झालेल्या पोराच्या वाढदिवसाला बाप कौतुकानं बिअर उघडत असेल, तर तिथे आईनं उठून उभं राहायला हवं.

चव घेण्याला माझा विरोध नाही. आंबिलीची चव, नव्या गुळाची चव, आर्वीच्या संत्र्याची चव ओळखणारी आपण माणसं. हॉलंडच्या त्या दोन आज्या आपापला ग्लास संपवून, एकमेकींना टाटा करून सायकलीवर बसून गेल्या. घरी त्यांना कुणाची भीती नव्हती. माझ्या जिल्ह्यातल्या बाईला संध्याकाळी सात वाजता दाराबाहेर पावलं वाजली की छातीत धडकी भरते. ती धडकी आधी जाऊ दे. मग बिअरच्या चवीवर चर्चा करायला मी एका पायावर तयार आहे.